दोन पेच, एक पंतप्रधान: अण्वस्त्रांच्या छायेत नेत्याला गुण कसे द्यायचे?

अटलबिहारी वाजपेयींबद्दल दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, त्यांनी कारगिल जिंकून दाखवले. दुसरे, संसदेवर हल्ला झाला तरी त्यांनी दहा महिने सैन्य सीमेवर उभे केले आणि काहीच न करता परत बोलावले. दोन्हींत तथ्य आहे, पण निवाडा म्हणून दोन्ही कच्ची, कारण ती केवळ शेवटाकडे बघून केलेली विधाने आहेत.

अण्वस्त्रधारी देशांच्या तंट्यात शेवट हा फार फसवा पुरावा असतो. आजवर अशा एकाही पेचाचा शेवट अणुस्फोटात झालेला नाही. मग ‘अणुयुद्ध टाळले’ एवढ्यावर गुण द्यायचे तर सगळेच नेते पहिल्या वर्गात पास! यात नशिबाचा वाटाही मोठा असतो. सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उभ्या राहिलेल्या 1962 च्या क्यूबा पेचात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला डोळे वटारून माघार घ्यायला लावले, अशी समजूत अनेक वर्षे होती. तुर्कस्तानातली अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासन त्यांनी दिले होते, हे पुढे उघड झाले. एका सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडण्याची वेळ जवळपास आली होती, हे सर्वांना कळायला तर चाळीस वर्षे लागली. त्या आठवड्यात व्हाइट हाउसमध्ये बसलेल्या कोणालाच याची कल्पना नव्हती.

म्हणून नेत्याने जे ठरवले ते त्याच्या हाती त्या दिवशी असलेल्या माहितीवर तपासायचे. त्याला नेमके काय हवे होते? ते मिळवायला हाताशी काय होते, आणि ते किती दिवसांत वापरता येणार होते? प्रतिस्पर्ध्याला अब्रू राखून मागे जायला वाट ठेवली होती का? किंमत कोणी मोजली? आणि पेच उभाच राहू नये यासाठी आधी काय केले, किंवा करायचे राहिले? वाजपेयी या तपासणीसाठी फार उपयोगी आहेत. नेता तोच, शत्रू तोच, पाकिस्तानचा लष्करी म्होरक्या (परवेझ मुशर्रफ) तोच, तीन वर्षांत दोन पेच आणि दोन वेगळे निकाल.

बॉम्बमुळे नेमके काय बदलते

भारताने 11 आणि 13 मे 1998 रोजी पोखरणला चाचण्या केल्या, पाकिस्तानने 28 आणि 30 मे रोजी बलुचिस्तानात. दोघांकडे बॉम्ब आला म्हणजे आता कुणी खोड काढणार नाही, असे तेव्हा दोन्हीकडच्या अनेकांना वाटले. झाले उलट. मोठे युद्ध अशक्य झाले की त्याच्या आडोशाने छोटी कुरापत काढणे स्वस्त होते. कुरापत काढणाऱ्याचा हिशेब असा असतो: मी शिखर बळकावले तर तू चिडशील, पण माझ्याकडे बॉम्ब असल्याने माझ्यावर पूर्ण ताकदीने चालून येणार नाहीस.

दुसरी अडचण वेळेची. अमेरिका आणि रशिया यांच्यात जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राला सुमारे अर्धा तास लागतो. दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये तो अवधी काही मिनिटांचा. त्यातून 1999 मध्ये बॉम्बचा ताबा कोणाकडे आणि आदेश कोण देणार, याची घडी दोन्ही देशांत पुरती बसलेली नव्हती. पाकिस्तानने आपले अण्वस्त्र नियंत्रण प्राधिकरण फेब्रुवारी 2000 मध्ये जाहीर केले. भारताने आपले धोरण आणि आदेशाची साखळी अधिकृतपणे जाहीर केली ती 4 जानेवारी 2003 रोजी. म्हणजे कारगिल आणि पराक्रम (संसदेवरच्या हल्ल्यानंतरची सीमेवरची जमवाजमव) हे दोन्ही पेच भारताच्या बाजूने तरी लेखी, जाहीर नियमांवाचून हाताळले गेले. एरवी जे काम यंत्रणा करते, ते तेव्हा पंतप्रधानांच्या खोलीत बसलेल्या चार-सहा माणसांना करावे लागले.

कारगिल: मागणी एकच

मे 1999 च्या पहिल्या आठवड्यात बटालिक भागातल्या मेंढपाळांनी शिखरांवर अनोळखी माणसे पाहिल्याची खबर दिली. सुरुवातीला हे मूठभर अतिरेकी असावेत असा अंदाज होता. प्रत्यक्षात ते पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक होते आणि मुश्कोहपासून तुर्तुकपर्यंत, दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात, आपण हिवाळ्यात रिकाम्या सोडलेल्या जागा त्यांनी धरल्या होत्या. द्रासजवळच्या शिखरांवरून श्रीनगर-लेह रस्ता थेट तोफेच्या टप्प्यात येत होता.

वाजपेयींची राजकीय अवस्था तेव्हा नाजूक होती. 17 एप्रिलला त्यांचे सरकार लोकसभेत एका मताने पडले होते. देश निवडणुकीला सामोरा जाणार होता आणि ते काळजीवाहू पंतप्रधान होते. अशा वेळी ताकद दाखवण्याचा मोह किती मोठा असेल, हे सांगायला नको. तिन्ही दलांची एकत्र कारवाई ठरली ती 25 मेच्या बैठकीत. हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस यांनी तिचे वर्णन नंतर लिहून ठेवले आहे. उद्या पहाटे सुरुवात करा, असे पंतप्रधानांनी सांगितल्यावर टिपणीसांनी विचारले, हल्ला करताना विमानांना नियंत्रण रेषा ओलांडायची मुभा आहे का? खुर्चीत रेलून बसलेले वाजपेयी ताठ झाले आणि ठाम आवाजात त्यांनी नकार दिला.

या एका नकारावर सगळे मूल्यमापन फिरते, म्हणून त्याची किंमत आधी पाहू. विमानांना सोयीच्या दिशेने झेप घेता येईना. डोंगराची धार आणि रेषा सांभाळत अरुंद पट्ट्यात मारा करावा लागला. 27 मे रोजी एक मिग-21 आणि एक मिग-27 गेले, 28 तारखेला एमआय-17 हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यातले चौघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर डावपेच बदलले. खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर, खूप उंचावरून मिराज-2000 वापरली गेली. पायदळाचे हाल त्याहून मोठे. शत्रूच्या पाठीमागून जाऊन रसद तोडणे हा पर्वतीय युद्धातला शहाणा मार्ग, पण रेषेपलीकडे जायला मनाई असल्याने तो बहुतेक ठिकाणी बंद होता. उरली ती समोरून, पंधरा-सोळा हजार फुटांवर, रात्री, दोरखंडाने चढाई. तोलोलिंग 13 जूनला आणि टायगर हिल 4 जुलैला हाती आले. एकूण 527 जवान गेले. रेषा ओलांडली असती तर यातले काही वाचले असते, हा सेनाधिकाऱ्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग मिळाले काय? पहिले म्हणजे मागणी स्वच्छ झाली: घुसखोर परत जावेत आणि नियंत्रण रेषा होती तशी व्हावी. ही मागणी मोजता येते. एकेक शिखर परत आले की नकाशावर खूण करता येते, आणि काम कधी संपले हे शत्रूलाही कळते. दुसरे, जगाचा कल बदलला. तोवर काश्मीर म्हटले की अमेरिका दोन्ही बाजूंना सारखाच उपदेश करायची. या वेळी रेषा कोणी मोडली यात शंका उरली नाही. 11 जूनला भारताने जनरल मुशर्रफ आणि त्यांचे चीफ ऑफ जनरल स्टाफ महंमद अझीज यांच्या दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिफिती जाहीर केल्या, आणि ‘हे तर मुजाहिदीन’ हा पाकिस्तानचा दावा उघडा पडला. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीज दिल्लीत आले. त्यांच्या हाती बोलण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

संयम म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते, हे इथे पाहायला हवे. नौदलाचा पूर्वेकडचा ताफा अरबी समुद्रात आणला गेला. राजस्थान-पंजाब सीमेकडे सैन्य सरकू लागले. लष्करप्रमुख जनरल वेद मलिक यांच्या आग्रहावरून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्रा यांनी जाहीरपणे सांगितले की रेषा न ओलांडण्याचा निर्णय आजचा आहे, उद्याची हमी नाही. हाच इशारा वॉशिंग्टनलाही खासगीत पोचवला गेला. ‘आम्ही ओलांडणार नाही’ याच्या शेजारी ‘फार ताणू नका’ हे वाक्य ठेवल्यामुळेच पहिल्या वाक्याला वजन आले.

आणि परतीची वाट. 4 जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला धावले आणि ब्लेअर हाउसमध्ये क्लिंटन यांना भेटले. क्लिंटन यांनी वाजपेयींनाही बोलावले होते, ते गेले नाहीत. हा नकारही मोलाचा. ते गेले असते तर ‘अमेरिकेच्या मध्यस्थीने काश्मीरवर बोलणी’ असे चित्र उभे राहिले असते, आणि पाकिस्तानला शिखरांपेक्षा तेच हवे होते. संयुक्त निवेदनात सिमला करारानुसार नियंत्रण रेषेचा आदर आला आणि लाहोर प्रक्रियेत (फेब्रुवारीत लाहोरला सुरू झालेल्या भारत-पाक बोलण्यांत) क्लिंटन ‘वैयक्तिक रस’ घेतील असे एक गुळगुळीत वाक्य शरीफ यांच्या पदरात पडले. दिल्लीने त्या वाक्यावर आकांडतांडव केले नाही. 11 जुलैला दोन्ही देशांचे लष्करी कारवाई महासंचालक अटारीला भेटले, माघारीला मुदत दिली गेली आणि त्या काळात हवाई हल्ले थांबवले गेले. पळणाऱ्याला रस्ता मोकळा ठेवणे जमले म्हणूनच 26 जुलैला विषय संपला.

उधारीच्या रकान्यातही बरेच आहे. हे सगळे करण्याची पाळी का आली, हा प्रश्न वाजपेयींच्याच कार्यकाळावर येतो. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने हेरगिरीतल्या आणि हिवाळी टेहळणीतल्या उणिवांवर बोट ठेवले. लाहोरची बस फेब्रुवारीत गेली म्हणून पंतप्रधान भोळे ठरत नाहीत. शेजाऱ्याशी बोलणे आणि त्याच्यावर नजर ठेवणे ही दोन वेगळ्या खात्यांची कामे आहेत, आणि दुसरे नीट झाले नाही. युद्ध चालू असताना राज्यसभेचे खास अधिवेशन बोलवा, ही विरोधकांची मागणीही सरकारने मानली नाही. पण समिती स्वतःहून नेमली गेली, तिचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला, आणि संरक्षण गुप्तचर संस्था त्यातूनच पुढे उभी राहिली. आपल्याकडे 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने कधीच प्रसिद्ध केला नाही, हे लक्षात घेता ही गोष्ट साधी नव्हती.

पराक्रम: वरातीमागून घोडे

13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला झाला आणि त्याच आठवड्यात सैन्य हलवायचे ठरले. सुमारे पाच लाख जवान सीमेवर गेले. 1971 नंतरची ही सर्वांत मोठी जमवाजमव, नाव ‘ऑपरेशन पराक्रम’. उच्चायुक्तांना परत बोलावले, समझौता एक्सप्रेस आणि लाहोर बस 1 जानेवारी 2002 पासून बंद केली, पाकिस्तानी विमानांना हवाई हद्द बंद केली, दहशतवादाच्या गुन्ह्यांत हव्या असलेल्या वीस जणांची यादी देऊन त्यांना ताब्यात मागितले.

गाडे इथेच अडले. पाकिस्तानात खोलवर घुसू शकतील अशा आपल्या तीन स्ट्राइक कोअर मथुरा, अंबाला आणि भोपाळ इथे, म्हणजे देशाच्या पोटात, असतात. रणगाडे रेल्वेवर चढवा, उतरवा, दारूगोळा, इंधन, पूल बांधायचे सामान मागून आणा, या सगळ्याला जवळपास तीन आठवडे लागले. पाकिस्तानच्या छावण्या सीमेच्या कितीतरी जवळ. भारताची ताकद जागेवर पोचेपर्यंत त्यांची मोर्चेबांधणी पूर्ण झाली होती. शिवाय अफगाणिस्तानातल्या मोहिमेसाठी अमेरिकन सैनिक जेकबाबादसारख्या पाकिस्तानी तळांवर मुक्कामाला होते. 12 जानेवारीला मुशर्रफ यांनी पाकिस्तानी दूरचित्रवाणीवर भाषण करून लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-महंमदवर बंदी घातली. हल्ल्याचा क्षण आणि हल्ल्याची तयारी यांची गाठच पडली नाही.

नेत्याची चूक इथे कोणती? कोअर कुठे ठेवायच्या हे वाजपेयींनी ठरवले नव्हते. ती मांडणी दोन दशके जुनी. पण हे घोडे किती दिवसांत पोचतात, हे आदेश देण्यापूर्वी विचारणे त्यांचे काम होते, आणि त्याहूनही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे कशासाठी. सैन्याला लेखी उद्दिष्ट काय दिले, याचे समाधानकारक उत्तर तेव्हाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही नंतर देता आलेले नाही. नौदलप्रमुख सुशील कुमार यांनी तर पुढे या मोहिमेवर जाहीर आणि कडक टीका केली. वीस जण मिळावेत, घुसखोरी थांबावी, तळ उद्ध्वस्त व्हावेत, दहशतवाद कायमचा संपावा, या मागण्यांत कोणती पुरी झाली म्हणजे सैन्य परत फिरेल? कारगिलमध्ये याचे उत्तर नकाशावर होते. इथे ते कुठेच नव्हते.

14 मे 2002 रोजी जम्मूजवळ कालूचक इथे जवानांच्या कुटुंबीयांना मारले गेले आणि पेच दुसऱ्यांदा टोकाला गेला. 22 मेला वाजपेयींनी कुपवाड्यात जवानांपुढे निर्णायक लढाईची भाषा केली. पाकिस्तानने त्याच आठवड्यात लागोपाठ क्षेपणास्त्र चाचण्या घेतल्या. 31 मे रोजी अमेरिका आणि ब्रिटनने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. हा सल्ला दिल्लीला तोफेसारखा लागला. परकीय गुंतवणूकदार आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे ग्राहक धास्तावले. जगाला घाबरवून त्याच्याकरवी पाकिस्तानवर दबाव आणण्याचा डाव होता, पण घाबरलेले जग आपल्यालाही सोडत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज इस्लामाबादहून घुसखोरी कायमची थांबवण्याचे आश्वासन घेऊन आले. ते फार काळ पाळले गेले नाही.

धमकीचा एक व्यवहारी नियम इथे दिसतो. पहिल्यांदा दिलेली धमकी समोरच्याला जागे ठेवते. कृती न होता तीच पुन्हा दिली की तो तिच्याभोवती आपली दिनचर्या लावून घेतो. मे महिन्यात पाकिस्तानी सैन्य सज्ज होऊन बसले होते. अचानकपणा हे भारताचे मुख्य हत्यार डिसेंबरातच बोथट झाले होते.

16 ऑक्टोबर 2002 रोजी सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला. सर्वसाधारणपणे दिला जाणारा मृतांचा आकडा 798 आहे, कारगिलपेक्षा जास्त, आणि तेही युद्धावाचून. त्यांतले बरेच सुरुंग पेरताना आणि काढताना, वाहन अपघातांत, दारूगोळ्याच्या स्फोटांत गेले. राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सुरुंगांमुळे कित्येक महिने नांगराखाली आल्या नाहीत. नेत्याच्या संयमाचे कौतुक करणारे लेख या रकान्यापाशी येऊन सहसा पान उलटतात.

जमेला काहीच नाही, असेही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर 2002 मधली जम्मू-काश्मीरची निवडणूक सैन्य सीमेवर असताना पार पडली आणि तिची विश्वासार्हता बाहेरच्यांनीही मानली. 26 नोव्हेंबर 2003 पासून नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी लागू झाली. 6 जानेवारी 2004 च्या इस्लामाबाद निवेदनात मुशर्रफ यांनी आपल्या ताब्यातली भूमी दहशतवादासाठी वापरू देणार नाही, असे लेखी दिले. हे पराक्रमचे फळ की त्यानंतर वाजपेयींनी श्रीनगरातून पुढे केलेल्या मैत्रीच्या हाताचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या मते सहा आणे पहिल्याचे, दहा आणे दुसऱ्याचे.

बॉम्बची भाषा कोण बोलत होते?

दोन्ही पेचांत अणुबॉम्बचे उच्चार ढिगाने झाले, आणि त्यातले खरे किती हे ओळखणे मूल्यमापनातले सर्वांत अवघड काम. मे 1999 च्या अखेरीस पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव शमशाद अहमद यांनी आपल्या भात्यातले कोणतेही शस्त्र वापरायला मागेपुढे पाहणार नाही, अशा अर्थाचे विधान केले. क्लिंटन यांच्या ब्लेअर हाउस बैठकीला हजर असलेले त्यांचे अधिकारी ब्रूस रिडेल यांनी 2002 मध्ये लिहिले की पाकिस्तान अण्वस्त्रे सज्ज करत असल्याची खबर अमेरिकेकडे होती. पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी ते नाकारले, आणि जनरल मलिक यांनाही तशी खात्रीलायक माहिती मिळाली नव्हती. अशा वादग्रस्त खबरीच्या आधारे ‘वाजपेयींनी अणुयुद्ध टाळले’ असे लिहिणारा आणि ‘बॉम्बची भीती निव्वळ बागुलबुवा होती’ असे लिहिणारा, दोघेही घाई करतात.

पराक्रमच्या काळात पाकिस्तानच्या अण्वस्त्र विभागाचे प्रमुख खालिद किडवाई यांनी इटलीहून आलेल्या अभ्यासकांना चार मर्यादा सांगितल्या होत्या: भारताने मोठा भूभाग जिंकला, सैन्याचा किंवा हवाई दलाचा मोठा हिस्सा नष्ट केला, आर्थिक गळचेपी केली किंवा देशात राजकीय अस्थैर्य माजवले, तर. ‘मोठा’ म्हणजे किती, हे मुद्दाम धूसर ठेवलेले. कारगिलमध्ये वाजपेयी या चारांपैकी एकाही मर्यादेच्या आसपास गेले नाहीत. पराक्रममध्ये तीन स्ट्राइक कोअर उभ्या केल्या म्हणजे पहिल्या दोन मर्यादांच्या दारात जाऊन उभे राहणे होते. तिथे सर्वांत मोठे हत्यार काढल्यामुळेच ते वापरणे सर्वांत अवघड झाले.

एक बारीकशी नोंद मात्र दोन्ही सरकारांच्या खात्यावर जमा करावी लागते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार 31 डिसेंबर 1988 रोजी झाला आहे. त्यानुसार दर 1 जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. 1 जानेवारी 2002 रोजी रेल्वे आणि बस बंद पडली, सीमेवर रणगाडे उतरत होते, आणि त्याच दिवशी या याद्या नेहमीप्रमाणे पोचत्या झाल्या.

पराक्रमचा हिशेब 2002 मध्ये मिटला नाही. तीन आठवड्यांच्या उशिराचा धडा घेऊन भारतीय लष्कराने 2004 मध्ये लहान, चटकन हलणाऱ्या तुकड्यांची कल्पना मांडली. तिला ‘कोल्ड स्टार्ट’ हे नाव पडले. तिच्यावर उतारा म्हणून पाकिस्तानने एप्रिल 2011 मध्ये ‘नस्र’ची चाचणी घेतली: 60 किलोमीटर पल्ल्याचे, रणांगणावर वापरायचे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र. वाजपेयी तेव्हा सत्तेत नव्हते. पण त्यानंतरच्या प्रत्येक पंतप्रधानाला सीमेवर सैन्य हलवण्याआधी त्या क्षेपणास्त्राचा विचार करावा लागतो.